मज्जारज्जू म्हणजे नुसती वायर नव्हे

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे: ‘मज्जारज्जू ही वायर आहे. जितकी इजा, तितकंच दुखणं. इजा भरूनही दुखत असेल तर ते मनाचे खेळ. आणि जिथे दुखतं तिथेच बिघाड.’ चारही विधानं चुकीची आहेत. तिसरं तर वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

आधी वायरीचं. त्वचेतून आणि स्नायूंतून आलेले वेदनातंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात ग्लुटामेट, सबस्टन्स पी अशी रसायनं सोडतात. पुढच्या चेतापेशींवरचे ग्राहक (रसायनं पकडणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर) ती टिपतात, तेव्हा कुठे संदेश वर जातो. मेंदूकडून खाली येणारे तंतू तो इथेच दाबूही शकतात किंवा वाढवूही शकतात. मणक्यातून दिलेलं मॉर्फिन अगदी थोड्या मात्रेत लागू पडतं, ते इथल्याच ओपिऑइड (अफूच्या जातीच्या रसायनांना टिपणाऱ्या) ग्राहकांमुळे.

इजा आणि दुखणं यांचं प्रमाणही असं सरळ नसतं. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुतेकांनी वेदनाशामक नको म्हटल्याचं अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉ. हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये नोंदवलं.

आता ‘मनाचे खेळ’. मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर एनएमडीए नावाचे ग्राहक असतात. एरवी त्यांची वाट मॅग्नेशियमने अडवलेली असते. वेदनातंतूंचा मारा सतत चालू राहिला की मॅग्नेशियम बाजूला होतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी जास्त संवेदनशील होते. मग साध्या कपड्याचा स्पर्शही झोंबतो. वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतरच्या या अतिसंवेदनेत मज्जारज्जूचा वाटा असतो. पुढच्याच वर्षी पॅट्रिक वॉल आणि वुल्फ यांना आढळलं, की स्नायूंकडून आलेल्या माऱ्याने ही उत्तेजना त्वचेकडच्या माऱ्यापेक्षा बरीच जास्त वेळ टिकते. म्हणजे स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, तरी दुखणं शरीरातच घडत असू शकतं. अशा माणसाला ‘नाटक करतोस’ म्हणणं क्रूरपणाचं आहे.

चौथं विधान जिवावर बेतू शकतं. हृदयाकडून आणि डाव्या हाताकडून येणारे तंतू मज्जारज्जूतल्या त्याच चेतापेशींना जाऊन मिळतात, त्यामुळे बिघाड हृदयात असतो आणि दुखतो हात. छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात किंवा जबड्यात कळा असतील तर बाम चोळत बसू नका, १०८ ला फोन करा.