क्रेडिट जमा झालं, पण नकाशा वाचता येतो का?

परवा एफवायच्या एका मुलाने विचारलं, "सर, हा पेपर दोनच क्रेडिटचा आहे ना? मग पासिंगपुरता केला तर चालतंय का?" रागावणार होतो, पण क्रेडिटचा, म्हणजे शिकण्याचे तास मोजायच्या एककाचा, हा हिशोब त्याला आम्हीच शिकवलाय. वर्षाच्या सुरुवातीला तासभर फळ्यावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, आयकेएस, सीईपी असली विषयगटांची अक्षरं लिहिली. भूगोल कशाशी खातात ते सांगायला वेळ उरला नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. दरवर्षी एखादी तरी मुलगी एफवाय पूर्ण करते, मे महिन्यात लग्न होतं आणि ती परत येत नाही. आधी तिच्या हाती बारावीचंच सर्टिफिकेट उरायचं. आता किमान ४० क्रेडिट आणि वरचा ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स केला की साडेचार लेव्हलचं, म्हणजे पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण केल्याचं, प्रमाणपत्र मिळू शकतं. मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, म्हणजे 'क्रेडिट बँके'त, सात वर्षांपर्यंत राहतात, परत यायचं दार उघडं. ही तरतूद निरुपयोगी म्हणणारा माणूस अशा मुलीच्या बापाशी कधी बोललेला नसावा.

माझं भांडण वेगळं आहे.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १२०० तासांचं शिक्षण आणि त्याचे ४० क्रेडिट असं गणित आहे. म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. यात वर्गाबाहेरचं वाचन, गृहपाठ, प्रकल्प सगळं धरलंय. युरोपातही १९९९ च्या बोलोन्या करारानंतर जी क्रेडिट पद्धत रुजली, तीत २५ ते ३० तासांचा एक क्रेडिट असतो आणि ते तास विद्यार्थ्याच्या कष्टाचे असतात, मास्तरच्या बडबडीचे नव्हेत. आमच्या टाइमटेबलात मात्र थिअरीचे १५ तास झाले की एक क्रेडिट संपला. उरलेले १५ तास कुठे गेले? आमची निम्मी मुलं दीडच्या एसटीने गावी जातात, दुपारी कांद्यात नाहीतर दुकानात असतात. त्या तासांसाठी वाचनालय उघडं ठेवायचं की प्रकल्प गावातच द्यायचा, यावर आमच्या एकाही मीटिंगमध्ये दहा मिनिटं चर्चा झालेली मला आठवत नाही.

आणि अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते! नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी, तपासणी जवळ आली की स्टाफरूममध्ये सीओ-पीओचा, म्हणजे पेपरच्या निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तींशी जोडायचा, तक्ता फिरतो. दोन्हींचा संबंध किती घट्ट, त्याप्रमाणे प्रत्येक चौकटीत ३, २ किंवा १ भरायचं. शिकण्याच्या पायऱ्या सांगणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणाच्या २००१ सालच्या सुधारित आवृत्तीतली क्रियापदं कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं: 'विश्लेषण करेल', 'मूल्यमापन करेल', 'निर्मिती करेल'. एका सहकाऱ्याने मागच्या खेपेला दुसऱ्याच विषयाच्या निष्पत्ती चिकटवल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. (माझ्या आलं. मीही गप्प बसलो.)

आमच्या पेपरची एक निष्पत्ती अशी: 'विद्यार्थी स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन करू शकेल.' म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते, गावं दाखवणारा तपशीलवार नकाशा. उत्तम. आणि परीक्षेत प्रश्न काय? 'समोच्च रेषा म्हणजे काय ते सांगून तिची वैशिष्ट्ये लिहा.' (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी नकाशावरची रेषा ती.) गाइडातून पाठ करून पन्नासपैकी चाळीस पाडता येतात आणि एक्सेलमध्ये निष्पत्ती साध्य झाल्याचा हिरवा रंग येतो. निष्पत्ती लिहायची एक, तपासायचं दुसरंच. मग नुसती भाषा बदलून काय उपयोग?

म्हणून यंदा अंतर्गत परीक्षेत मी टोपोशीटच, म्हणजे तो स्थलनिर्देशक नकाशाच, टेबलावर ठेवली. १:५०,००० ची, आमच्याच भागाची. चाळीस मुलं, नकाशे नऊ. तीन दुपारी गेल्या. लेखीत दरवेळी काठावर पास होणारा एक मुलगा वाकून बघत राहिला, मग बोट ठेवून म्हणाला, "सर, इथं रेषा दाटल्यात म्हणजे ही आमच्या मागची कड्याची बाजू. शेळ्या इकडून चढत नाहीत, ह्या अंगानं चढतात," आणि त्याने रेषा विरळ असलेली सोंड दाखवली. दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचं अंतर धरून, रेषा मोजून टेकडीची उंचीही बरोबर सांगितली.

लेखी पेपरात याच मुलाने समोच्च रेषेची व्याख्या चुकवली होती.

निष्पत्ती कुणी साध्य केली त्याचा एक्सेलचा तक्ता उद्या द्यायचाय. त्या मुलाच्या नावापुढची चौकट मी अजून भरलेली नाही.