बालविभागातील एक प्रौढ

समीक्षेसाठी एखादी नवी विज्ञान कादंबरी आणि जमल्यास एखादी अद्भुतरम्य कादंबरी मिळवावी म्हणून मी परवा पुण्यात अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात गेलो. ‘विज्ञान’ ऐकताच विक्रेत्याने बारावीचे प्रश्नसंच पुढे केले आणि ‘कादंबरी’वर जोर दिल्यावर मान वर न करता ‘बालविभाग’ एवढेच उत्तर दिले. तेथील फळ्या चार फुटी वाचकांच्या सोयीने लावलेल्या असल्यामुळे, अंतराळयानातील खुनाची एक कादंबरी ‘रंगवा आणि शिका’च्या गठ्ठ्याखालून ओढताना मला गुडघे टेकावे लागले.

नेमक्या त्याच क्षणी नातवाला घेऊन एक आजोबा आले आणि मला नोकर समजून म्हणाले, “याला काहीतरी ज्ञानवर्धक दाखवा.”

मी गिऱ्हाईक आहे, हे मी शक्य तितक्या सभ्यपणे सांगितले.

“कुणासाठी घेताय?”

“माझ्यासाठी.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि नातवाला हलकेच स्वतःच्या मागे घेतले. तरीही कुतूहल आवरेना, म्हणून माझ्या हातातील दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “यात काय आहे?”

“मंगळावरच्या वसाहतीतलं पाणी संपत आलंय आणि—”

“पाणी आमच्या सोसायटीतही संपतं. त्यासाठी मंगळावर कशाला जायचं? लेखक शास्त्रज्ञ आहे का?”

मी मलपृष्ठ पाहिले. “बँकेत नोकरीला आहेत.”

“मग त्यांना मंगळाचं काय माहीत?”

“काका, ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे तरी कुठे पेशव्यांच्या पदरी होते?”

“तो इतिहास आहे. घडलेला. हे कुठे घडलंय?”

मी नारळीकरांचे नाव काढले. “त्यांचं ठीक आहे, ते शास्त्रज्ञ होते,” असे म्हणून आजोबांनी तेही निकालात काढले. आता, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवताना नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले होते. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती, आणि पहिले बक्षीस मिळाले ते या जगतापांच्या कथेला. म्हणजे परीक्षकांनी कथा वाचली होती, पदवी नव्हे. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले आणि त्यामुळे विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली, असे म्हणतात. ती प्रतिष्ठा दुकानातील त्या खालच्या फळीपर्यंत पोचल्याचे मला तरी दिसले नाही. हे सगळे मी आजोबांना ऐकवणार होतो. पण गुडघ्यांवर बसून वाद घालणाऱ्या माणसाच्या मुद्द्यांना वजन राहत नाही.

मग त्यांची नजर शापित राजपुत्राच्या जाडजूड कादंबरीवर गेली. “राक्षस, जादू, शाप! आपल्याकडे पुराणं आहेत की. नवीन शाप कशाला?”

एवढा वेळ गप्प असलेला नातू आता माझ्या हातातील अंतराळयानाकडे पाहत म्हणाला, “काका, हे मी शाळेच्या लायब्ररीतून वाचलंय. भारीये. शेवटी यानाचा संगणकच खुनी निघतो.”

आजोबांनी त्याला ‘वैदिक गणित’ घेऊन दिले. त्या दुकानात या प्रकारचे वाङ्मय मुळापासून शेवटपर्यंत वाचलेला एकमेव मनुष्य अशा रीतीने गणितावर मार्गी लागला, आणि मी मात्र शेवट ठाऊक झालेल्या रहस्यकथेचे पैसे मोजून बाहेर पडलो.

राग आजोबांवर नाही, किंवा आहे तो फार नाही. दिवाळी अंकात विज्ञानकथा हौसेने छापायची, वर्षभर तिच्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, तिची कादंबरी झालीच तर ‘यातून मुलांना विज्ञानाची गोडी लागेल’ अशी शाबासकी देऊन तिला खालच्या फळीवर बसवायचे आणि वर ‘मराठीत या प्रकारात कोणी लिहीतच नाही’ म्हणून परिसंवाद भरवायचे, हा उद्योग आजोबांनी सुरू केलेला नाही. प्रेमकथा वाचून कोणती गोडी लागली, असे कोणी विचारत नाही. विज्ञानकथेने मात्र करमणूक करण्यापूर्वी उपयुक्ततेचा दाखला जोडायचा असतो.

मी हे सगळे परीक्षणात लिहिले. कादंबरीचा मधला भाग रेंगाळतो, पण एकाकी यानातील संशयाचे वातावरण लेखकाने उत्तम साधले आहे, असेही लिहिले आणि शेवट अर्थातच फोडला नाही. संपादकांचा फोन आला: लेख छान आहे, फक्त पुस्तक कोणत्या इयत्तेसाठी आहे ते तेवढे राहिले आहे. काल तो रविवारच्या मुलांच्या पानावर ‘ठिपके जोडा’च्या शेजारी छापून आला असून मानधनही बालसाहित्याच्या दराने मिळणार आहे.