फ्लेमिंगो आले म्हणून खाडी सुधारली असं होत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: खारफुटी म्हणजे डासांचं आगर. फ्लेमिंगो दरवर्षी येतायत, म्हणजे खाडी ठणठणीत आहे. उपग्रहाच्या नोंदीत खारफुटी वाढतेच आहे, मग थोडी तोडून दुसरीकडे लावली तर काय बिघडलं? विमानतळाजवळच्या पाणथळी बुजवल्या तर पक्षीही विमानांपासून लांब जातील. खारफुटीमुळे होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थांबवून ठेवणारे तलाव, तुंबतात आणि पावसाळ्यात आपण बुडतो. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: निसर्ग जपणं हे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्याला आधी रस्ते आणि घरं हवीत.

डासांचं आधी उरकू. डेंग्यूचा डास आपल्या घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा जिथे मोकळं ये-जा करतं, तिथे अळ्यांना स्थिर पाणी मिळत नाही. खारफुटीत डबकी होतात ती बहुतेकदा कुणी डेब्रिज टाकून पाण्याची वाट अडवली म्हणून.

फ्लेमिंगोंचा मुद्दा मात्र सविस्तर बोलावा असा आहे, कारण तिथे चांगली चांगली माणसं फसतात. आपल्या खाडीत येणाऱ्यांत लहान फ्लेमिंगो मोठ्या संख्येने असतात आणि ते चिखलपाण्यातलं सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातात. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस आले की हेच शेवाळ फोफावतं. म्हणजे ज्या घाणीने एका पक्ष्याचं ताट भरतं, तीच घाण पाण्यातला प्राणवायू संपवून माशांच्या मुळावर येते. खाडीची तब्येत विचारायची तर दिवाळे, सारसोळे किंवा चेंदणीच्या कोळीवाड्यात जाऊन निवट्या, चिंबोऱ्या, बोईट, जिताडा यांचं काय झालं ते विचारा. एका पक्ष्याच्या थव्यावरून अख्ख्या खाडीला प्रमाणपत्र देणं मला तरी मान्य नाही.

दुसरं म्हणजे, ते दरवर्षी येतात यात आपली काही हमी नाही. त्यांची वीण इथे होत नाही. कच्छच्या रणाशी त्यांचं नातं आहे. इथे त्यांना दोन जागा लागतात. ओहोटीला चरायला उघडा चिखल, आणि भरतीने तो बुडाला की टेकायला जवळच उथळ पाणथळ. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ हा मान, मिळाला. पण भरतीच्या वेळी पक्षी जिथे येऊन बसतात त्या नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिल्या. तिथल्या सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची तोंडं बुजली आणि २०२४ मध्ये तलाव कोरडा पडला. तो जपायचा निर्णय व्हायला २०२५ उजाडलं, तेही रहिवाशांनी सतत पाठपुरावा केला म्हणून.

विमानांच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी हाच मुद्दा उलट बाजूने पाहावा. टेकायची जागा बुजवली म्हणून पक्षी खाडी सोडत नाहीत. चरायचा चिखल तिथेच असतो, म्हणून ते जवळपास दुसरी मोकळी, सपाट जागा शोधतात. विमानतळाच्या शेजारी याहून मोकळी आणि सपाट जागा कुठली असणार?

आता उपग्रहाचे आकडे. महाराष्ट्रातली खारफुटी २०१७ च्या वन सर्वेक्षणात ३०४ चौरस किलोमीटर होती, २०२१ मध्ये ३२४. आकडे खरे आहेत. पण ठाणे खाडीत गाळ साचत गेला तशी तिवरं, म्हणजे खारफुटीतलीच एक जात, पुढे सरकत उघड्या चिखलावर चढली. नकाशावर हिरवा रंग वाढला आणि तुतारी, चिखल्या, फ्लेमिंगो या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा तेवढीच आक्रसली. शिवाय प्रदूषण सोसणारी तिवरं जिकडेतिकडे दिसतात, कांदळ ही खारफुटीची दुसरी जात मात्र शोधावी लागते. मग 'दुसरीकडे लावू' म्हणजे नेमकं कुठे आणि काय लावू? चिखलाच्या मैदानावर तिवरांच्या रांगा लावल्या तर एक नुकसान भरून काढताना दुसरं होतं, आणि डोंगरात रोपं लावली तर त्यांचा कोळंबीच्या पिल्लांना काडीचाही उपयोग नाही.

तोडणं तरी नेहमी कुऱ्हाडीने कुठे होतं? आधी भराव टाकून भरतीची वाट बंद करायची, झाडं उभ्या उभ्या वाळू द्यायची, मग 'इथे होतंच काय' म्हणायचं. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. त्या पट्ट्यातला राडारोडा आजही आपल्या डोळ्यांसमोर पडतो.

श्रीमंतांचे चोचले? कोस्टा रिका हा काही श्रीमंत देश नव्हता. जंगल तोडून तोडून जेमतेम पाव देशावर उरलं होतं. १९९६ च्या वनकायद्याने तिथे जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे देण्याची सोय केली, आणि आज अर्ध्याहून अधिक भूभाग वृक्षाच्छादित आहे. इथे खाडी मेली तर बंगलेवाल्याला फक्त देखावा गमवावा लागेल. आगरी-कोळी घरातली बाई पाटी घेऊन बाजारात बसते तिचा धंदा बुडेल.

होल्डिंग पॉन्डबद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. नवी मुंबईचे कित्येक भाग भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी या तलावांत थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. गाळाने ते उथळ झाले आणि गाळावर खारफुटी उगवली; आधी गाळ, मग झाडं, हा क्रम विसरू नये. सार्वजनिक हितासाठी खारफुटी काढायला न्यायालयाची परवानगी मागण्याचा रस्ता खुला आहे. प्रत्येक तलावाची पाहणी करून, लागेल तेवढाच भाग मोकळा करण्याचा प्रस्ताव पालिकेने आणि सिडकोने मांडावा, या मागणीवर मेसेज पाठवणाऱ्यांच्या शेजारी मीही सही करेन.