सोलर ड्रायरमधल्या अन्नात रेडिएशन? काहीही!

मावशीने फॅमिली ग्रुपवर तो फिरणारा मेसेज टाकला, की सोलरवर वाळवलेलं आणि थंड ठेवलेलं अन्न विषारी असतं, पॅनलचं रेडिएशन त्यात उतरतं, त्यापेक्षा उघड्यावर वाळवा. वर मामाने लगेच लिहिलं, मग ड्रायरची ऑर्डर रद्द करतो. इथे माझं डोकं सटकलं.

अहो, पॅनलवर ऊन पडलं की डीसी करंट निघतो, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो, संपला विषय. वीज कोळशाची आहे की उन्हाची हे फ्रीजच्या कॉम्प्रेसरलाही कळत नाही, मग आतल्या भाजीला कुठून कळणार? आणि गंमत म्हणजे बरेच सोलर ड्रायर विजेवर चालतच नाहीत. काळा पत्रा, वर काच, मधली हवा तापून 50-60 डिग्रीपर्यंत जाते, ट्रेमधून वर चढताना ओलावा उचलते आणि चिमणीतून बाहेर. पॅनलच नाही तर रेडिएशन कसलं डोंबलाचं!

खरा राग येतो तो "उघड्यावर वाळवा" या सल्ल्याचा. उघड्यावर धूळ, माश्या, रात्रीचं दव, मधेच पावसाची सर, त्यात वाळायला वेळ लागला की ॲस्परजिलस नावाची बुरशी धरू शकते, आणि तिच्यातून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने नीट जात नाही, त्याने यकृताचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे नसलेल्या विषाची भीती घालून लोकांना असलेल्या विषाकडे ढकलायचं. हां, थेट उन्हाने अ आणि क जीवनसत्त्व घटतं हे मान्य, पण तो मुद्दा उघड्यावरच्याच विरोधात जातो ना, माल झाकलेल्या पेटीत ठेवणाऱ्या ड्रायरमध्ये त्यावर थेट ऊन पडतच नाही.

मेसेजमध्ये पुढे म्हणे रात्री सोलर कोल्ड स्टोरेज बंद पडतं. दिवसा बर्फ करून ठेवतात हो. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, तेवढ्या उष्णतेत 1 किलो पाणी शून्यावरून 80 डिग्रीच्या आसपास जाईल. इन्सुलेशन जाड असलं की रात्र निघते.

"पॅनलखाली काही उगवत नाही" याला 2019 चा, नेचर सस्टेनेबिलिटी या विज्ञान नियतकालिकातला अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा अभ्यास पुरे. पॅनलच्या सावलीत चेरी टोमॅटो दुप्पट, चिल्टेपिन मिरची तिप्पट, हालापेन्यो मिरची साधारण तेवढीच पण पानांतून उडून जाणारं पाणी 65 टक्के कमी. अर्थात ती कोरडी, कडक उन्हाची जागा, ढगाळ भागात उन्हाळू पिकांचं उत्पादन घटू शकतं.

राहिला सोलर पंपाने भूजल संपण्याचा मुद्दा. यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो, डिझेलचा खर्च नसला की पंप बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही. पण मग उपसा मोजा, ठिबक लावा, पाणी पुरेसं झालं की उरलेली वीज कोल्ड स्टोरेजकडे वळवा. डिझेलच्या पंपांनी काय विहिरी भरल्या होत्या?