सुई लागली म्हणून गाठ पसरत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कॅन्सरविषयी एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. गाठीला सुई लावू देऊ नका, ती पसरते. तंबाखू न खाणाऱ्यांनाही कॅन्सर होतो, तेव्हा तंबाखूला दोष देणं खोटं. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे. माणूस कॅन्सरने मरत नाही, केमोने मरतो. आणि शेवटी, 'पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.'

या मेसेजने जीव वाचत नाही, उपचाराचे महिने जातात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दोन सेंटिमीटरची जखम जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचते ती याच महिन्यांत. म्हणून मुद्दे एकेक करून घेऊ. पहिल्यापाशी जास्त थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

'सुई लागनी का गाठ पसरी जास'

हे पटतं, कारण घरच्यांना घटना त्याच क्रमाने दिसतात. गाठ होती, दुखत नव्हती. सुई लावली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, मग सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टर म्हणाले, मानेत गाठी आहेत, फुफ्फुसात डाग आहेत. पण ते डाग त्या आठ दिवसांत उगवलेले नसतात. एक सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि ती तेवढी व्हायला अनेक महिने, कधी वर्षं गेलेली असतात. बऱ्याचदा स्कॅन सुईनंतर होतो, कारण आजार कोणता हे कळल्याशिवाय तो आणखी कुठे शोधायचा हे ठरत नाही. सुईनंतर दिसलं, म्हणून सुईने झालं असं होत नाही.

तोंडातल्या जखमेची बायोप्सी, म्हणजे तपासण्यासाठी तुकडा काढणं, लहान काम आहे. जागा बधिर करतात आणि जखमेच्या कडेवरून, शेजारचा थोडा चांगला भाग धरून, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. कडेवरूनच का? मधोमध बहुतेक मेलेलं मांस असतं. तिथून तुकडा घेतला तर 'निदान करता येत नाही' असा रिपोर्ट येतो आणि घरचे त्याचा अर्थ 'काही निघालं नाही' असा लावतात. असा रिपोर्ट आला तर बायोप्सी पुन्हा करायची असते. तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तोही तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. सलाईनमध्ये ठेवून दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवला तर वाटेतच खराब होतो. बरणीवर रुग्णाचं नाव, जागा आणि डावी-उजवी बाजू लिहिली आहे ना, हे नातेवाइकाने बघून घ्यावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगावं.

स्तनातल्या गाठीसाठी दोन सुया आहेत, त्यांची गल्लत होते. बारीक सुईने (एफएनएसी) नुसत्या सुट्या पेशी निघतात. जाड सुईने (ट्रू-कट) मांसाची बारीक काडी निघते. त्या काडीवर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) या तपासण्या होतात आणि हार्मोनच्या गोळ्या चालतील की नाही, हर-टूवरचं औषध लागेल का, हे त्यावर ठरतं. म्हणून शक्य तिथे ट्रू-कटच मागावी.

आता खरी गोष्टही सांगायला हवी. सुईच्या वाटेत पेशी अडकण्याचा धोका शून्य नाही. यकृताच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या दोन-तीन जणांत असं घडल्याची नोंद आहे. म्हणूनच सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) असलेल्या रुग्णात तीन टप्प्यांच्या सीटी किंवा एमआरआयवर चित्र स्पष्ट असेल तर डॉक्टर सुई न लावताच निदान करतात. अंडकोषातल्या गाठीला पिशवीतून सुई लावत नाहीत, जांघेतून ऑपरेशन करून अंडकोषच बाहेर काढतात. बीजांडकोशाची संशयित गाठ आख्खी काढता येत असेल तर फोडत नाहीत, कारण ती पोटात फुटली तर स्टेज वाढते. हाडाच्या किंवा स्नायूच्या कॅन्सरमध्ये (सार्कोमा) बायोप्सीची वाट अशी आखतात, की पुढे ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीसोबत काढता येईल. म्हणजे जिथे धोका आहे तिथे तो डॉक्टरांना माहीत आहे आणि त्यासाठी पद्धत बदललेली आहे. तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, मानेतली गाठ इथे निदान न करण्याचा धोका सुईपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आजार वाढवणारी चूक वेगळीच असते आणि तिच्यावर मेसेज कुणी पाठवत नाही. ती म्हणजे न तपासता गाठ कापून फेकणं. 'साधी चरबीची गाठ आहे' म्हणून काढली, तपासायला पाठवलीच नाही, सहा महिन्यांनी त्याच जागी परत आली. किंवा दात हलतोय म्हणून काढला आणि तीन-चार आठवडे झाले तरी खड्डा भरला नाही. शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीत गेलीच पाहिजे, हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

'तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो'

होतो, हे खरंच आहे. कॅन्सर हा एक आजार नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो, यकृताच्या कॅन्सरमागे अनेकदा हिपॅटायटिस बी किंवा दारू असते. पण फरदड (वेचणीनंतर शेतात तसंच ठेवलेलं कापसाचं पीक) न ठेवणाऱ्याच्या शेतातही बोंडअळी येते, म्हणून फरदडीने अळी वाढत नाही असं आपल्याकडचा कुणी शेतकरी म्हणेल का? 2020 च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालाप्रमाणे देशातल्या एकूण कॅन्सरपैकी सुमारे 27 टक्के तंबाखूशी जोडलेले आहेत.

इथे एक मोठी पळवाट आहे. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो.' सुपारी स्वतःच कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये तिला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कारणांत, टाकलं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारीची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन हातावर एकत्र केली की तोच गुटखा. चुन्यामुळे निकोटिन लवकर शोषलं जातं, म्हणून सवय पक्की होते. दुसरी पळवाट मिसरीची. घरातल्या बाईला 'तंबाखू खाता का?' विचारलं तर ती 'नाही' म्हणते आणि खरंच बोलते, कारण मिसरी तिच्या लेखी तंबाखूत मोडत नाही. विचारायचं ते 'दाताला काय लावता?' असं.

सुपारीने गालाचं आतलं कातडं हळूहळू काथ्यासारखं ताठ होतं. पहिली खूण म्हणजे तिखट सोसेनासं होतं. काल-परवापर्यंत शेवभाजी आणि ठेचा खाणारा माणूस अचानक वरण-भातावर आला, तर त्याचं तोंड उघडून बघा. पुढची खूण: स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, दातांच्या मध्ये जात नाहीत. सुपारी सोडली तरी ताठलेला भाग पूर्ण मऊ होत नाही, पण पुढचं बिघडणं रोखता येतं. तोंड बंद झालं की मागची जखम दिसत नाही आणि ऑपरेशनच्या वेळी भूल देणंही अवघड होतं.

न पुसला जाणारा पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा, आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम, या तिन्हींना डॉक्टर हवाच. दाताची धार लागत असेल तर ती घासून घ्यावी, पण आणखी दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर बायोप्सी. दुखत नाही म्हणून थांबू नये, सुरुवातीचा कॅन्सर बहुतेकदा दुखत नाही.

'साखर बंद केली की गाठ मरते'

कॅन्सरच्या पेशी जास्त ग्लुकोज खेचतात हे खरं, पेट स्कॅन (अंगात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा) त्याच आधारावर चालतो. पण साखर सोडली तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतंच, आणि ती प्रथिनं येतात रुग्णाच्या स्नायूंतून. गाठ उपाशी राहत नाही, माणूस वाळतो. लठ्ठपणा आणि मधुमेह आटोक्यात ठेवणं हा वेगळा आणि योग्य विषय आहे.

उपचार चालू असताना वजनामागे किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. तीन अंडी (सुमारे 18), अर्धा लिटर दूध (सुमारे 16), मूठभर शेंगदाणे (7-8), दोन वाट्या घट्ट वरण आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, एवढ्यात बरंचसं भागतं. रेडिएशनने तोंड आलं असेल तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, केळं दुधात घुसळून, शेंगदाण्याचं बारीक कूट मऊ खिचडीत. गुळण्यांसाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. महिन्यात वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे 50 चं साडेसत्तेचाळीस झालं, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. नाकातून नळी घालणं हे 'शेवटचं' लक्षण नाही, उपचार पूर्ण व्हावेत म्हणून ती घालतात.

'लक्ष्मणफळ दहा हजार पट'

हा आकडा प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवरच्या एका चाचणीतून आलेला आहे. माणसांवर तो कधी सिद्ध झालेला नाही. बशीतल्या पेशी तर ब्लीचिंगनेही मरतात. उलट कॅरिबियन बेटांवर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त आढळल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. फळ म्हणून कधीमधी खायला हरकत नाही. उपचाराऐवजी पानांचा काढा घेऊ नये.

'माणूस केमोने मरतो'

पहिलं म्हणजे, सगळ्यांना केमो लागतच नाही. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरचा मुख्य उपचार ऑपरेशन आहे, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं. त्यातही मुंबईच्या टाटा मेमोरियलचा 2015 चा अभ्यास सांगतो, की मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तिथल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांत 67.5 टक्के. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये (सीएमएल) रोजची इमॅटिनिबची गोळी माणसाला वर्षानुवर्षं कामावर ठेवते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये केमोनेच बहुसंख्य मुलं बरी होतात. त्यातलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलेलं आहे. पण म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावू नयेत. इंजेक्शनचा डोस जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम असतो, इतकं ते जपून द्यावं लागतं.

केमोत जीव जाऊ शकतो, हे नाकारत नाही. तो बहुतेकदा जंतुसंसर्गाने जातो, आणि पुष्कळदा टाळता येतो. डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच तासाला निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण ताप उतरतो आणि जंतू रक्तात वाढत राहतात. घरात थर्मामीटर हवा, आणि धडगाव, अक्कलकुवा किंवा यावल-चोपड्याच्या पाड्यावर राहणाऱ्याने रात्री कुणाची गाडी मिळेल हे केमोच्या आधीच ठरवून ठेवायला हवं. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य 'केमो चालू आहे, ताप आहे' हे असावं, म्हणजे अँटिबायोटिक लगेच सुरू होतं.

'पैसे नसतील तर तपासून तरी काय उपयोग'

मेसेजमध्ये हे लिहिलेलं नसतं, पण त्याच्या मागे हेच असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन बसतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) भेटायचं. मंजुरीसाठी बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, म्हणजे सुई टाळणाऱ्याची योजनाही अडते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सुरुवातीची तपासणी तिथून करता येते. मुंबईला जावं लागलं तर उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

निघताना नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो तो) मागून घ्यावा, कारण मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासतात. ब्लॉक प्लास्टिकच्या डबीत, उन्हापासून दूर, हातातल्या पिशवीत ठेवावा. तो घरी राहिला किंवा मेण वितळून खराब झाला, तर तीच सुई पुन्हा लावावी लागते.