केईएमला जायचे तर किती वाजता निघायचे?

आज आप्पांना घेऊन, गिरणी कामगारांसाठी घरे बांधायचा प्रस्ताव आहे त्या शेलूला गेले होते. त्यांचे वय एक्क्याऐंशी, गुडघे साथ देत नाहीत, तरी "आपल्याला घर कुठं देणार ते एकदा बघू दे" असा धोशा त्यांनी आठवडाभर लावला होता. दादरहून कर्जत लोकलने दीड तासाहून अधिक वेळ गेला. उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "इथून सकाळच्या ओपीडीला केईएम हॉस्पिटलला जायचं तर किती वाजता निघायचं गं?" मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मोबाइल उघडला, तर कौटुंबिक ग्रुपवर कोणीतरी राज्याच्या गृहनिर्माण धोरणाचे कौतुक पाठवलेले. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या या धोरणात पाच वर्षांत ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक यांचे उद्दिष्ट आहे, आणि ब्रीद आहे 'माझे घर, माझा अधिकार'. घरे वाढावीत, हे मलाही हवे आहे. पण अधिकार हा शब्द वाचून मात्र डोके तापले.

आप्पा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांत तेही होते, आणि पुन्हा साच्यावर उभे राहणे त्यांच्या नशिबी आले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातूनच गेली. आमच्या वाट्याचे घर नेमके तिथे हरवले, हे कोणीच का बोलत नाही? २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, तीही २२५ चौरस फुटांची. नंतरच्या सोडती धरूनही आकडा सोळा हजारांच्या आसपासच राहिला, आणि अर्ज मात्र दीड लाखाहून अधिक! एका कार्यालयाने आमच्याकडून तीच कागदपत्रे चार वेळा मागून घेतली. आप्पांनी दर वेळी तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, न बघता, तोंडपाठ सांगितला.

आता शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरांचा प्रस्ताव आहे. तिथले घर नाकारले तर हक्कच संपेल, असे कलम मार्च २०२४ च्या शासन निर्णयात घातले होते. म्हातारी माणसे जुलै २०२५ मध्ये भर पावसाळ्यात आझाद मैदानावर जमली, तेव्हा कुठे ते काढून टाकण्याचे आश्वासन मिळाले. नाकारण्याचीही मुभा ज्यात नव्हती, त्याला अधिकार म्हणायचे?

मान्य आहे, सगळी घरे परळ-लालबागमध्ये मावणार नाहीत, आणि ज्यांची मुले आधीच बदलापूर-नेरळकडे राहतात त्यांना शेलू सोयीचे वाटेलही. पण ज्या जमिनीवर या माणसांनी रात्रपाळ्या केल्या, तिथे ती मावत नाहीत आणि चाळीस-पन्नास मजली मनोरे मावतात, हे मला पटत नाही. घरे मोजताना, तिथून दवाखाना किती दूर आहे आणि शेजारी ओळखीचे कोण असेल, हेही कोणीतरी मोजायला हवे होते.

मी इतका वेळ हे रागाने लिहिते आहे, आणि आप्पा मात्र शांत आहेत. परतीच्या गाडीत ते मला म्हणाले, "हवा चांगली आहे तिथली. तुझ्या भावाच्या पोरांना बरं पडेल." स्वतःबद्दल काहीच बोलले नाहीत. या मंगळवारी त्यांची तपासणी आहे. आम्ही साडेसातला खोलीतून निघू आणि आठच्या आत केसपेपरच्या रांगेत उभे असू.