हिशेबाची वही कोणासमोर उघडायची?

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात काल उद्योजकांच्या कार्यशाळांवरून वाजलं. दालमिलवाले आप्पा तापलेलेच होते. "भो, दिवसभर पडद्यावरची चित्रं पाहायची, जेवायचं, घरी यायचं. असा धंदा शिकता येतो का?"

"आप्पा, ते भाषण झालं," मी म्हटलं. "कार्यशाळेत तुमचं वीजबिल, तुमची उधारीची यादी टेबलावर पाहिजे. आणि पेन तुमच्याच हातात."

"आणि शेजारी बसणार माझाच स्पर्धक!"

हे मात्र खरं. जळगावातला दालमिलवाला दुसऱ्या दालमिलवाल्यासमोर तुरीचा खरेदीभाव उघड करणार नाही, करूही नये. म्हणून मला मिश्र गट हवा वाटतो: दाल, चटई, पाइप, केळी वेफर्स. तिथेच बसलेल्या नानांना पटेना. "चटईवाल्याला तुरीतलं काय कळतं?"

तुरीतलं नसेल, बिलातलं कळतं. चटईवाल्या बापूंनी आप्पांना तिथेच मोबाइलवर बिल उघडायला लावलं. नोंदलेली मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली जास्तीत जास्त वीज, मंजूर मागणीपेक्षा जास्त, म्हणून दंडाची वेगळी ओळ. आप्पा आजवर खालचा आकडा बघून भरत आले होते. कोणत्या मशिनी एकदमच चालतात, एखादी वेगळ्या वेळी चालवली तर, असं बापू विचारत गेले. आप्पा आधी चिडले, मग पाकिटाच्या पाठीमागे स्वतःच किलोवॅटची बेरीज मांडू लागले. मी म्हणतो ते शिकणं हेच.

नानांचं दुखणं उधारीचं. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. हे त्यांना ठाऊक होतं. "पण कायदा दाखवला की गिऱ्हाईक तुटतं, त्याचं काय?"

याचं उत्तर कोणत्याही वक्त्याकडे नसतं. वेफर्सवाल्याकडे होतं. तो महिना उलटला की पुढचा माल अडवतो, जुन्यातले निम्मे आले की सोडतो. "काही तुटले. तेच सगळ्यात जास्त पैसे थकवणारे होते."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारी यादी आणतो. पण पार्टीची नावं झाकून."

नावं नकोतच. रक्कम, बिलाची तारीख आणि किती दिवस झाले, एवढं बस.